बाळ पिवळे दिसते आहे? अकीक्यापर्यंत थांबू नका




या अंकासाठी आम्ही वेगळाच विषय ठरवला होता. पण गेल्या महिन्यात आमच्याच घरात एक गोष्ट घडली आणि तो विषय पुढच्या वेळेसाठी ठेवावा लागला.

आमच्या भाचीला मुलगा झाला. बाळंतपण सुखरूप झाले. दुसऱ्या दिवशी मायलेकरांना दवाखान्यातून घरी सोडले. बाळाच्या कानात अजान दिली गेली, खजूर चाटवला गेला. सातव्या दिवशी अकीका ठरला, बकऱ्यांचा सौदाही झाला. पाचव्या दिवशी आम्ही बाळाला पाहायला गेलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरले होते आणि बाळ झोपले होते. "किती गुणाचा आहे, रडत नाही की त्रास देत नाही," असे कौतुक चालले होते. बाळाच्या दादी म्हणाल्या, "रंग तर बघा, हळद लावल्यासारखा!"

आम्ही भाचीला विचारले, "दूध किती वेळा प्याला?"

"सकाळपासून दोनदाच. तोंडात घेतो आणि लगेच झोपतो."

आम्ही बाळाला खिडकीपाशी उजेडात नेले. कपाळ, छाती, मग तळपाय असे बोटाने हलके दाबून पाहिले. बोट उचलल्यावर तळपायाची कातडीही पिवळी दिसत होती. आम्ही म्हटले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवे." घरात कुजबुज सुरू झाली. फुफी म्हणाल्या, "अहो, सगळ्याच बाळांना होते. दोन दिवस कोवळ्या उन्हात धरा. अकीका होऊन जाऊ दे, मग दाखवू."

फुफींचे अर्धे म्हणणे खरे होते. उरलेल्या अर्ध्यात धोका होता.

आमच्या आग्रहाला कारण होते. आमच्या मामेबहिणीचा मुलगा आज ११ वर्षांचा आहे. तोही पाचव्या दिवशी असाच पिवळा आणि असाच शांत होता. घरच्यांनी उन्हात धरले, नजर उतरवली आणि वाट पाहिली. आठव्या दिवशी बाळ कमानीसारखे मागे वाकू लागले, तेव्हा धावपळ झाली. मुलगा वाचला, पण त्याला ऐकू येत नाही आणि हातपाय त्याच्या मनाप्रमाणे हलत नाहीत. त्या घरात मायेची कमी नव्हती. हे थांबवता येते, एवढेच कोणाला ठाऊक नव्हते.

भाचीच्या बाळाचे त्याच संध्याकाळी रक्त तपासले. कावीळ बरीच वाढलेली निघाली. दोन दिवस त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. तिसऱ्या दिवशी तो जोर लावून दूध ओढू लागला आणि भुकेने रडू लागला. अकीका चौदाव्या दिवशी झाला.

ही कावीळ येते कोठून आणि कोणती कावीळ थांबू देत नाही, हे आज समजून घेऊ.

मुका मार आणि हिरवा-पिवळा डाग

पोर खेळताना पडते, गुडघ्याला मुका मार लागतो. पहिल्या दिवशी डाग लालसर-जांभळा दिसतो, मग काळानिळा. काही दिवसांनी तो हिरवट होतो, मग पिवळा, आणि शेवटी नाहीसा होतो. कातडीखाली साकळलेले रक्त शरीर कसे मोडून काढते, ते या रंगांतून आपल्या डोळ्यांना दिसते.

रक्ताला लाल रंग येतो तो हिमोग्लोबिनमुळे. त्यातल्या लोह धरून ठेवणाऱ्या भागाला 'हीम' म्हणतात. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. जुन्या झालेल्या पेशी प्लीहा आणि यकृतात मोडल्या जातात. निरोगी मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक पेशी अशा मोडतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. मोकळे सुटलेले हीम शरीराला अपाय करते, म्हणून त्याची विल्हेवाट लगेच लावावी लागते. हे काम एन्झाइम करतात. शाळेच्या पुस्तकात त्यांनाच विकरे म्हटलेले असते.

पहिले एन्झाइम हीम ऑक्सिजनेज. १९६८ मध्ये टेनह्युनेन, मार्व्हर आणि श्मिड या संशोधकांनी त्याचे काम दाखवून दिले. ते हीमचे कडे तोडते. त्यातून तीन गोष्टी निघतात. लोह शरीर पुन्हा वापरते, थोडासा कार्बन मोनॉक्साइड वायू श्वासावाटे बाहेर जातो आणि बिलिव्हर्डिन नावाचे हिरवे द्रव्य उरते. दुसरे एन्झाइम, बिलिव्हर्डिन रिडक्टेज, त्या हिरव्याचे पिवळे करते. ते पिवळे द्रव्य म्हणजे बिलिरुबिन. गुडघ्यावरच्या डागाचा हिरवा आणि पिवळा रंग तो हाच.

बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून लघवीतून तसेच बाहेर पडू शकत नाही. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून ते यकृतात येते. तेथे तिसरे एन्झाइम त्याला एक साखरेसारखे आम्ल जोडते. मग ते पाण्यात विरघळते आणि पित्तरसातून आतड्यात उतरते. या तिसऱ्या एन्झाइमचे नाव यूजीटी१ए१. आतड्यातले जंतू त्या बिलिरुबिनवर प्रक्रिया करतात. शौचाचा तपकिरी रंग त्यातूनच येतो आणि लघवीचा पिवळेपणाही त्यातूनच. शौचाला नेहमीचा रंग आहे, म्हणजे पित्ताचा रस्ता मोकळा आहे. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

बिलिरुबिन म्हणजे निव्वळ विष, असेही नाही. १९८७ मध्ये स्टॉकर, एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की थोड्या प्रमाणात ते पेशींना ऑक्सिडेशनच्या हानीपासून वाचवू शकते. प्रश्न येतो तो प्रमाणाचा.

बाळाच्या शरीरात ते का साठते?

पोटात असताना बाळाचे बिलिरुबिन वारेतून आईकडे जाते आणि आईचे यकृत ते साफ करते. नाळ कापली की सगळे काम बाळावर येते. बाळाच्या रक्तात लाल पेशी जास्त असतात आणि त्या आपल्या पेशींपेक्षा लवकर मोडतात. म्हणून वजनाच्या मानाने बाळाच्या शरीरात बिलिरुबिन मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट तयार होते. दुसरीकडे, यकृतातले तिसरे एन्झाइम जन्मावेळी मोठ्या माणसाच्या साधारण शंभराव्या भागाएवढेच काम करत असते. त्याला पूर्ण ताकद यायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात.

शिवाय पहिली काळी शी पोटात अडकून राहिली, तर आतड्यातले आणखी एक एन्झाइम जोडलेले आम्ल पुन्हा सोडवते आणि बिलिरुबिन उलट रक्तात शिरते. म्हणून आईचे पहिले चिकाचे दूध महत्त्वाचे. ते पोट साफ करते. काही घरांत अजूनही हा चीक पिळून टाकतात आणि बाळाला मध, साखरपाणी किंवा घुटी देतात. साखरपाण्याने कावीळ उतरत नाही. त्याने पोट भरते आणि दूध कमी जाते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नये.

या सगळ्यामुळे पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहा आणि अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठ बाळे पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. फुफींचे अर्धे म्हणणे खरे, ते या अर्थाने.

पण काही बाळांत बिलिरुबिन इतके वाढते की अल्ब्युमिनला ते धरून ठेवता येत नाही. मग ते मेंदूत शिरते. हालचालींवर ताबा ठेवणारे मेंदूचे खोल भाग आणि ऐकण्याचा मार्ग, यांना ते इजा करते. डॉक्टर याला कर्निक्टेरस म्हणतात. एकदा झालेली ही इजा भरून निघत नाही. सुरुवातीला बाळ फक्त सुस्त होते, दूध नीट ओढत नाही. मग चिरक्या आवाजात रडते, अंग ताठ करते, मागे वाकते. म्हणून पिवळे बाळ फार 'गुणाचे' वाटू लागले, तर कौतुक थांबवा आणि त्याने किती वेळा दूध घेतले ते मोजा.

केव्हा मुळीच थांबू नये?

जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळ पिवळे दिसले, तर ती साधी कावीळ समजू नये. पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, बाळ उठवूनही नीट जागे होत नाही, दूध कमी घेते, शी-शू कमी झाली, ताप आला किंवा अंग गार पडले, तर त्याच दिवशी दाखवावे. रात्र असली तरी निघावे. १४ दिवसांनंतरही कावीळ दिसत असेल तर बाळ कितीही हसरे-खेळते असो, तपासणी करावी. सावळ्या बाळाची कावीळ कातडीवर लवकर ओळखू येत नाही. डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. पिवळ्या बल्बच्या उजेडात काहीच कळत नाही. कावीळ किती आहे हे मात्र नजरेने ठरत नाही, ते तपासणीतूनच कळते.

आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा 'ओ' असेल तर आधीच सावध राहावे. बाळाचा गट वेगळा असेल, तर आईच्या रक्तातून आलेली प्रतिद्रव्ये बाळाच्या लाल पेशी भराभर मोडू शकतात. निगेटिव्ह गटाच्या आईला पॉझिटिव्ह गटाचे बाळ झाले तर तिला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यायचे असते. ते पुढच्या बाळासाठी असते, हे सासरच्यांनीही लक्षात ठेवावे.

पेटीतले कपडे आणि बाळाची मेहंदी

आणखी एक एन्झाइम आपल्या घरांशी जवळचा संबंध ठेवून आहे. त्याचे नाव जी-सिक्स-पी-डी. ते लाल पेशींचे रक्षण करते. काही कुटुंबांत ते जन्मतः कमी असते. ही कमतरता आईकडून मुलग्यात उतरते आणि मुलग्यांना जास्त त्रास देते. भारतात अनेक समाजांत ती आढळते. एरवी हे मूल अगदी निरोगी असते, पण काही वस्तूंचा संपर्क आला की त्याच्या लाल पेशी झपाट्याने फुटतात.

त्यातली पहिली वस्तू म्हणजे डांबराच्या गोळ्या. मोठ्या भावाचे झबले, नानीने जपून ठेवलेली दुलई पेटीतून काढून तशीच बाळाला घालतात, पांघरतात. त्या गोळ्यांतले नॅप्थलीन बाळाच्या श्वासातून आणि कातडीतून आत जाते. बाळाच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नका.

दुसरी वस्तू मेहंदी. छठीला किंवा ईदला हौसेने बाळाच्या हातापायांना मेहंदी लावतात. अस्सल मेहंदीतला रंग देणारा लॉसोन हा घटक अशा बाळांच्या लाल पेशी फोडू शकतो. जी-सिक्स-पी-डी कमी असलेल्या बाळांना मेहंदी लावल्यानंतर कावीळ वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बाळाची मेहंदी ही निव्वळ हौस आहे. ती दोन-चार वर्षांनी पुरी केली तरी काही बिघडत नाही, आणि तेव्हाही या मुलाला ही कमतरता नाही ना, हे पाहूनच. मलेरियाच्या प्रायमाक्विनसारख्या काही गोळ्यांनीही या लोकांना त्रास होतो. ही कमतरता रक्ताच्या साध्या तपासणीत कळते.

नात्यातल्या लग्नांबद्दल थोडेसे

१९५२ मध्ये क्रिग्लर आणि नज्जर या दोन डॉक्टरांनी एक दुर्मीळ आजार वर्णन केला. त्यात यकृतातले ते तिसरे एन्झाइम जवळपास नसतेच. अशा मुलाला रोज अनेक तास निळ्या दिव्याखाली झोपावे लागते आणि पुढे बहुधा यकृत बदलावे लागते. आईवडील दोघेही निरोगी असतात, पण दोघांतही तो दोष लपलेला असतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की बाळाला आजार होईल. एकाच आजोबांच्या नातवंडांत तोच दोष असण्याची शक्यता जास्त, म्हणून चुलत-मामे भावंडांच्या लग्नांतून असे आजार अधिक दिसतात.

असे लग्न जायज आहे, त्यावर आम्हाला वाद घालायचा नाही. सांगायचे ते इतकेच की नात्यात पूर्वी एखादे बाळ 'पिवळे होऊन' गेले असेल किंवा एखाद्याचे सगळे रक्त बदलावे लागले असेल, तर ते झाकून ठेवू नका. लग्नाआधी तज्ज्ञांचा सल्ला घ्या आणि बाळंतपणाआधी डॉक्टरांना सांगा.

उन्हाची गोष्ट

ऊन आणि काविळीचा संबंध खरा आहे. १९५६ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या इस्पितळात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्या चांगल्या हवेत अंगणात नेत असत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचा पिवळेपणा बराच उतरला होता, पण चादरीने झाकलेला तुकडा मात्र तसाच पिवळा होता. तेथेच काविळीच्या रक्ताची एक नळी उन्हात राहून गेली आणि तिच्यातले बिलिरुबिन कमी भरले. डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून प्रकाशाचा उपचार तयार केला आणि १९५८ मध्ये तो लॅन्सेट या नियतकालिकात मांडला. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि यकृतातल्या एन्झाइमची मदत न घेताही ते बाहेर पडते. ज्याला आपण 'बाळाला काचेत ठेवले' म्हणतो, ते हेच.

मग ऊन का नको? कारण उन्हाचे माप घेता येत नाही. दिव्याखाली बाळ उघडे ठेवून, डोळे झाकून, तासन्‌तास ठराविक प्रकाश देतात आणि मधूनमधून रक्त तपासतात. अंगणात तेवढे ऊन दिले तर बाळ भाजेल, कमी दिले तर कावीळ वाढत राहील. घरातल्या ट्यूबलाइटचा तर काहीच उपयोग नाही. सगळ्यांत मोठे नुकसान होते ते गेलेल्या दोन दिवसांचे.

माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने हात धुणे, डाग देणे, यांचेही तसेच. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप उतरते, म्हणून श्रेय माळेला जाते. जिची उतरणार नसते, तिचा वेळ जातो. कोवळ्या अंगाला डाग देणे तर जुलूमच आहे.

चिल्ला आणि पांढरी शी

आता शौचाच्या रंगाची ती खूण. बाळ दोन आठवड्यांनंतरही पिवळे आहे, शी खडूसारखी पांढरट किंवा फिकट राखाडी होते आणि लघवीने लंगोट पिवळा पडतो, तर पित्ताचा रस्ता बंद असू शकतो. या आजारात पित्तनलिका बुजतात आणि यकृत हळूहळू खराब होते. १९५९ मध्ये जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांनी त्यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती ६० दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा जास्त. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचे कार्ड देतात, म्हणजे तिला रंग ताडून पाहता येतो.

आपल्याकडे अनेक घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला संपेपर्यंत बाळंतीण आणि बाळ बाहेर पडत नाहीत. हिशेब करून पाहा. चिल्ला संपल्यावर दाखवले, तर हाती फक्त वीस दिवस उरतात आणि तपासण्यांतच त्यातले निम्मे जातात. उपचारासाठी बाहेर पडण्याला कोणाचीच मनाई नाही.

मोठ्यांची पिवळी नजर

हेच तिसरे एन्झाइम काही मोठ्या माणसांत थोडे मंद असते. फ्रेंच डॉक्टर गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये वर्णन केलेली ही स्थिती शंभरात तीन ते दहा जणांत असते. उपाशी राहिल्यावर त्यांचे बिलिरुबिन थोडे वाढते, म्हणून रमजानमध्ये रोजे ठेवल्यावर काहींचे डोळे किंचित पिवळे दिसतात. यकृताच्या बाकी तपासण्या आणि रक्ताची मोजणी ठीक असेल, तर हा आजार मानत नाहीत आणि औषधही लागत नाही. पण हे डॉक्टरांनी तपासून सांगायचे आहे. ताप, उलट्या, गडद लघवी किंवा पांढरट शौच असेल तर ती वेगळी कावीळ असते.

घरी काय करावे?

बाळाला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे. झोपले असेल तर उठवून पाजावे. दवाखान्यातून लवकर सोडले असेल, तर दोन-तीन दिवसांत पुन्हा दाखवायला न्यावे. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना दारातूनच परत पाठवू नका, बाळ उघडून दाखवा. सरकारी रुग्णालयात एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा उपचार आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ क्रमांक लावावा. पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये.

भाचीचे बाळ आता महिन्याचे झाले आहे. त्याच्या कानांची तपासणीही करून घेतली. दाराची कडी वाजली की दचकतो. परवा शेजारच्या घरी बाळ झाल्याचे कळले, तेव्हा फुफी पेढे खाण्याआधी त्याला खिडकीपाशी घेऊन गेल्या आणि त्याच्या आईला विचारू लागल्या, "दूध किती वेळा प्याला?"

तुमच्याही घरात बाळ आले असेल, तर हाच प्रश्न आज विचारा.

अल्लाह हाफिज.